आवाज आकड्यांत कसा उतरतो: उन्हाळी शिबिरातले ध्वनिशास्त्र आणि डिजिटल संगीत

परीक्षा संपल्या की ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रस्त्यापर्यंत उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात, आणि अलीकडे त्यांत चित्रकला, पोहणे, बुद्धिबळ यांच्या जोडीला डिजिटल संगीतनिर्मितीचे नावही दिसू लागले आहे. आठवी-नववीतल्या मुलांना त्याचे आकर्षण वाटणे साहजिक आहे, कारण ज्या फोनवर ती गाणी ऐकतात त्याच फोनवर गाणे तयारही करता येते, हे त्यांना ठाऊक असते. पालकांना मात्र निराळाच प्रश्न पडतो. मुले यात संगीत शिकतात, विज्ञान शिकतात, की पडद्यावर तयार तुकडे एकापुढे एक जोडण्याची हातोटी तेवढी शिकतात? मी अशा शिबिरात ध्वनिमुद्रण शिकवते. शिबिर नीट आखलेले असेल तर मूल सर्वांत आधी ऐकायला शिकते, आणि ऐकलेला आवाज संगणकात जाईपर्यंत वाटेत किती ठिकाणी काही ना काही ठरवावे लागते, हे त्याला कळू लागते. म्हणूनच शिबिराचे पहिले काही दिवस तुकडे जोडण्याचे सॉफ्टवेअर बंद ठेवून मुलांच्या हातात माइक द्यावा, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यामागची कारणे समजण्यासाठी आवाजापासूनच सुरुवात करावी लागते.

आवाज हवेत असतो तेव्हा

तबल्यावर थाप पडली की कातडे खालीवर हलते, त्याला लागून असलेली हवा क्षणभर दाबली जाते आणि क्षणभर विरळ होते, आणि हा दाबातला चढउतार एका थराकडून पुढच्या थराकडे सरकत आपल्या कानापर्यंत पोहोचतो. हवा स्वतः तबल्यापासून कानापर्यंत येत नाही, येतो तो फक्त दाबातला बदल. हा चढउतार सेकंदाला किती वेळा होतो त्याला वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. तरुण, निरोगी कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आणि वय वाढते तशी वरची मर्यादा खाली उतरत जाते. २० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर सुमारे १७ मीटर लांब असते, तर २०,००० हर्ट्झची लहर जेमतेम पावणेदोन सेंटिमीटरची. शेजारच्या सोसायटीत हळदीचा कार्यक्रम चालू असताना आपल्या घरात गाण्याचे शब्द येत नाहीत, नुसता धम् धम् ठोका येतो, याचे एक कारण या लांबीत आहे: लांब लहरी अडथळ्यांना वळसा घालून जातात आणि भिंतीतूनही बऱ्याच प्रमाणात पार होतात, आखूड लहरी मात्र भिंतीवर आपटून परततात किंवा पडद्यांत नि गाद्यांत जिरतात.

ध्वनीचा वेग पुस्तकात ३४३ मीटर प्रतिसेकंद असा दिलेला असतो, पण तो २० अंश सेल्सियस तापमानाचा आहे. तापमान एका अंशाने वाढले की वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो, त्यामुळे मे महिन्यातल्या ठाण्यात, पारा ३४ अंशांवर असताना, तो सुमारे ३५२ मीटर असतो. मुलांना हे फळ्यावर सांगण्यापेक्षा मैदानावर नेऊन मोजायला लावावे. एखाद्या उंच, सपाट भिंतीपासून टेपने ५० मीटर मोजून उभे राहायचे, दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटायचे आणि फोनवर ते मुद्रित करायचे. नंतर ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती फाइल उघडली की ठोक्याचा एक उंच काटा दिसतो आणि त्याच्यामागे भिंतीवरून परतलेल्या आवाजाचा दुसरा, बुटका काटा दिसतो. दोहोंमधले अंतर सेकंदाच्या ०.२८४ भागाइतके भरते, आणि जाण्यायेण्याचे १०० मीटर त्या आकड्याने भागले की वेग हाती येतो. पुस्तकातला आकडा वापरला तर उत्तर जुळत नाही, तापमान विचारात घेतले की जुळते. एखाद्या मुलाने हे स्वतः करून पाहिले की पडद्यावरची ती नागमोडी रेघ त्याला शोभेची वाटेनाशी होते, कारण तिच्यातला प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे खरोखर गेलेला वेळ आहे, हे त्याने मोजून पाहिलेले असते.

खोली, पंखा आणि माइक

यानंतर मुले वर्गात परततात आणि शाळेच्या वर्गाइतकी ध्वनिमुद्रणाला गैरसोयीची जागा शोधून सापडायची नाही, हे त्यांच्या लक्षात येते. फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या, छत काँक्रीटचे. त्यामुळे उच्चारलेला प्रत्येक शब्द सगळ्या बाजूंनी परतून माइकवर येतो आणि गाणारा माणूस विहिरीच्या तळाशी उभा असल्यासारखा ऐकू येतो. या घुमण्याचा पहिला पद्धतशीर अभ्यास वॉलेस सेबाइन या भौतिकशास्त्रज्ञाने १८९५ पासून हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानकक्षात केला. तिथे आवाज साडेपाच सेकंद घुमत राहत असे, त्यामुळे वक्त्याचे एक वाक्य दुसऱ्यात मिसळून जाई. सेबाइनने जवळच्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या आणून एकेक करून मांडल्या आणि ऑर्गनची एक नळी व घड्याळ घेऊन, किती गाद्यांनी घुमणे किती कमी होते, हे रात्री रात्री मोजले. त्यातून निघालेला नियम साधा आहे: खोलीचे आकारमान जितके मोठे तितका आवाज जास्त वेळ घुमतो, आणि खोलीत आवाज शोषणारे पृष्ठभाग जितके जास्त तितका तो लवकर थांबतो. शोषण मोजण्यासाठी त्याने घेतलेले एकक होते उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येतच नाही.

नौपाड्यासारख्या वस्तीत मात्र उघड्या खिडकीतून आतला आवाज जितका बाहेर जातो त्याहून कितीतरी जास्त बाहेरचा आवाज आत येतो. रिक्षा, प्रेशर कुकरच्या शिट्ट्या, रेल्वेचा भोंगा यांपैकी काहीही मुद्रणात उतरते. खिडक्या लावाव्यात तर गोंगाट थांबतो पण घुमणे वाढते, आणि वर पंखाही बंद करावा लागतो, कारण त्याची घरघर आणि माइकवर येणारा वारा नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने स्वच्छ पुसता येत नाही. मग घरून आणलेल्या गोधड्या आणि चादरी दोरीवर टांगून गाणाऱ्याच्या मागे व बाजूंना लावायच्या, खिडक्या व पंखा बंद करून तीन-चार मिनिटांचे मुद्रण उरकायचे आणि लगेच पुन्हा पंखा लावायचा, अशी पद्धत बसते. मे महिन्यात हे सोपे नाही, पण शांतता ही किंमत मोजून मिळवण्याची गोष्ट आहे, हे मुलांना यातून जितके नेमके कळते तितके सांगून कळत नाही.

माइक कुठे ठेवायचा हा त्याच्याही पुढचा प्रश्न आहे, आणि माझ्या मते सबंध शिबिरातला तो सर्वांत महत्त्वाचा आहे. गाणाऱ्यापासून माइकचे अंतर दुप्पट केले की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे एकक) कमी होतो, खोलीत घुमणारा आवाज मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून लांबच्या माइकवर माणसापेक्षा खोलीच जास्त ऐकू येते. मुलांना एकच ओळ वीतभर अंतरावरून, हातभर अंतरावरून आणि दोन मीटरवरून गायला लावावी आणि तिन्ही मुद्रणे डोळे मिटून ऐकवावीत. वीतभर अंतरावर ‘प’ आणि ‘भ’ उच्चारताना तोंडातून सुटणारा वारा माइकवर आदळून फट् असा आवाज येतो, त्यावर उपाय म्हणून माइक किंचित बाजूला घेतला की काम होते. हे सगळे मुले काही मिनिटांत शिकतात आणि ते शिकायला एक रुपयाचेही सॉफ्टवेअर लागत नाही.

आकड्यांची शिडी

माइकमध्ये एक पातळ पडदा असतो. हवेच्या दाबाने तो हलतो आणि त्याच्या हालचालीचे विजेच्या दाबात रूपांतर होते. इथपर्यंतचे सगळे अखंड आहे. पुढे ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक संगणकाला जोडणारी पेटी, किंवा फोनमधली चिप हा विजेचा दाब ठराविक अंतराने मोजते आणि प्रत्येक मोजणीचा एक आकडा लिहून ठेवते. या प्रत्येक मोजणीला नमुना, म्हणजेच सॅम्पल म्हणतात. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात. मेमधल्या ठाण्यात एका नमुन्यापासून दुसऱ्यापर्यंत आवाज फक्त ८ मिलिमीटर पुढे सरकलेला असतो, आणि मैदानावर मोजलेल्या त्या दोन काट्यांमध्ये सुमारे साडेबारा हजार नमुने बसतात. सॉफ्टवेअरमध्ये रेघ मोठी करत नेली की शेवटी ती तुटून एकेक ठिपका दिसू लागतो, आणि हे ठिपके दाखवण्याचा क्षण मी कधीच चुकवत नाही, कारण गाणे म्हणून संगणकाकडे जे काही असते ते एवढेच असते.

ठिपके पाहिल्यावर मुले हमखास विचारतात, की दोन ठिपक्यांच्या मधला आवाज हरवतो का. शंका अगदी रास्त आहे आणि अनेक मोठ्यांनाही उत्तर ‘होय’ असेच वाटते, पण ते तसे नाही. हॅरी नायक्विस्ट याच्या १९२८ च्या आणि क्लॉड शॅनन याच्या १९४९ च्या लेखांतून सिद्ध झालेली गोष्ट अशी, की एखाद्या आवाजातली सर्वांत उंच वारंवारता जितकी असेल तिच्या दुपटीहून अधिक वेगाने नमुने घेतले, तर त्या ठिपक्यांमधून जाणारी आणि त्या मर्यादेत राहणारी लहर एकच असू शकते, आणि ती मूळ लहरच असते. म्हणजे मधला भाग अंदाजाने भरावा लागत नाही, तो ठिपक्यांनीच निश्चित झालेला असतो. कान २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, त्याच्या दुपटीला ४०,००० पुरतात, आणि वर थोडी जागा लागते ती जास्त उंच आवाज गाळून टाकणाऱ्या फिल्टरसाठी. नेमका ४४,१०० हा आकडा व्यवहारातून आला. १९७० च्या दशकात डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ रेकॉर्डर वापरत, त्याच्या चित्राच्या प्रत्येक ओळीत ३ नमुने, उपयोगाच्या २४५ ओळी आणि सेकंदाला ६० अर्धचित्रे यांचा गुणाकार ४४,१०० येतो. युरोपातल्या पद्धतीत २९४ ओळी आणि ५० अर्धचित्रे असत, तरी गुणाकार तोच येतो. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती हाच आकडा घेऊन. चित्रपट आणि व्हिडिओच्या कामात ४८,००० चा दर चालतो, म्हणून मुलांना व्हिडिओसाठी संगीत करायचे असेल तर सुरुवातीलाच तो निवडावा.

नमुने कमी पडले तर काय होते हे मात्र ऐकण्यासारखे आहे. धावत्या पंख्याचे मोबाइलवर चित्रण केले की पाती कधी कधी उलटी फिरताना दिसतात, कारण कॅमेरा दर सेकंदाला मोजकीच चित्रे घेतो आणि दोन चित्रांमध्ये पाते जवळजवळ पूर्ण वळसा घालून मूळ जागेच्या थोडे अलीकडे आलेले असते. आवाजाचेही तसेच होते. सेकंदाला ८,००० नमुने घेत असताना, उंच वारंवारता आधी गाळून न टाकता, ५,००० हर्ट्झचा स्वर मुद्रित केला तर तो ३,००० हर्ट्झचा ऐकू येतो, म्हणजे मुळात नसलेलाच स्वर तयार होतो. जुन्या टेलिफोन यंत्रणेत खरोखरच ८,००० नमुने घेत आणि सुमारे ३,४०० हर्ट्झच्या वरचे सगळे आधीच गाळून टाकत. फोनवर इंग्रजी स्पेलिंग सांगताना ‘एस की एफ’ असे पुन्हा पुन्हा विचारावे लागते त्याचे कारण हेच, कारण त्या दोन सुसकाऱ्यांमधला फरक बहुतांशी त्या गाळलेल्या पट्टीत असतो.

प्रत्येक नमुन्याचा आकडा किती बारीक मोजायचा, हे बिट, म्हणजे तो आकडा लिहायला वापरलेले शून्य-एकचे अंक, ठरवतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या असतात, २४ बिटमध्ये १ कोटी ६७ लाखांहून अधिक, आणि प्रत्येक बिटामागे सर्वांत हळू व सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ६ डेसिबलने वाढते. १६ बिटमध्ये सर्वांत वरची पायरी ३२,७६७ ही आहे. ताशावर जोरात काडी पडली आणि माइकचा आवाज जास्त चढवलेला असेल, तर त्याच्यावरचे काहीच लिहिता येत नाही. नमुन्यामागून नमुना ३२,७६७ असाच नोंदला जातो, लहरीचे शिखर सपाट कापले जाते आणि कानाला कर्कश खरखर ऐकू येते. यालाच क्लिपिंग म्हणतात. ते एकदा झाले की कापलेला भाग परत मिळत नाही. त्यामुळे आधी वादकाला पूर्ण ताकदीने वाजवायला सांगून मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीच्या १२ डेसिबल खाली, आसपास राहील अशी पातळी ठरवावी आणि २४ बिटमध्ये मुद्रण करावे, म्हणजे हळू आवाजांनाही भरपूर पायऱ्या उरतात.

स्वर, ठेका आणि यंत्राचे नियम

आता संगीताकडे वळू. एकच स्वर बासरीवर, हार्मोनियमवर आणि गळ्यातून काढला तर तो वेगळा ओळखू येतो, कारण कोणत्याही खऱ्या स्वरात मूळ वारंवारतेबरोबर तिच्या वरच्या अनेक वारंवारता मिसळलेल्या असतात आणि त्यांचे प्रमाण प्रत्येक वाद्यात निराळे असते. सॉफ्टवेअरमधल्या स्पेक्ट्रमच्या आलेखात, म्हणजे कोणती वारंवारता किती जोरात आहे ते दाखवणाऱ्या चित्रात, हे उंचवटे स्पष्ट दिसतात. मुलांसमोर डफ आणि तबला शेजारी ठेवून दोन्हींचा आलेख काढावा. सगळीकडे सारख्या जाडीचे ताणलेले कातडे वाजवले की वरचे उंचवटे मूळ वारंवारतेच्या १.५९, २.१४, २.३० पटींवर असे वेडेवाकडे येतात, त्यामुळे डफातून ठोका ऐकू येतो पण ठाम सूर मिळत नाही. तबल्याच्या मधोमध शाई थरांवर थर देऊन घोटलेली असते, आणि तिच्या वजनामुळे हेच उंचवटे सरकून साधारण दुप्पट, तिप्पट, चौपट अशा नीट पटींवर येतात, म्हणून तबला सुरात लावता येतो. सी. व्ही. रामन यांनी एका सहकाऱ्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे दाखवून दिले. आपल्या घरातल्या वाद्यात केवढी कारागिरी आहे, हे पडद्यावर उंचवट्यांच्या रूपात पाहताना मुलांचे चेहरे मला फार आवडतात.

संगणकावर संगीत करण्याची दुसरी वाट आवाजाऐवजी सूचना साठवण्याची आहे, आणि तिचे नाव मिडी. वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलावीत म्हणून १९८३ मध्ये हे मानक आले, डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी ही त्यामागची प्रमुख नावे. कीबोर्डवरची एक पट्टी दाबली की १४४, ६०, १०० असे तीन आकडे जातात: पहिल्याचा अर्थ पहिल्या चॅनेलवर स्वर सुरू कर, दुसऱ्याचा अर्थ मधला ‘सी’, आणि तिसरा पट्टी किती जोरात दाबली ते सांगतो. यात आवाज कुठेच नाही. तो त्या सूचना वाचणाऱ्या आभासी वाद्यातून येतो, म्हणून तीच ओळ क्षणात सतारीवरून व्हायोलिनवर नेता येते. सीडीच्या दर्जाचा एक मिनिटाचा स्टिरिओ आवाज १० एमबीहून थोडा अधिक जागा घेतो, तर त्याच मिनिटाच्या मिडी सूचनांना काही केबी पुरतात.

सोय मोठी आहे, पण तिच्याबरोबर यंत्राचे नियमही येतात आणि ते आपल्या संगीताला तंतोतंत बसत नाहीत. मिडीच्या कीबोर्डवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. सा २४० हर्ट्झवर धरला तर तानपुऱ्याशी मिळणारा शुद्ध गंधार ३०० हर्ट्झवर येतो, कीबोर्डचा गंधार मात्र ३०२.४ हर्ट्झवर असतो. दोन्ही एकत्र वाजवले की सेकंदाला दोन-अडीच वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो, आणि गाणे न शिकलेल्या मुलालाही हे हेलकावे मोजता येतात. पंचमात हा फरक अर्ध्या हर्ट्झहूनही कमी असतो, म्हणून तो खटकत नाही. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणे, तर पट्ट्यांवर घेताच येत नाही; त्यासाठी स्वर वाकवणारे पिच बेंडचे चाक वापरावे लागते आणि ते एका चॅनेलवरचे सगळे स्वर एकदम हलवते. ही तक्रार आजची नाही. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दूर ठेवले, त्यामागच्या आक्षेपांत ठरलेल्या पट्ट्या आणि मींडेचा अभाव हे होतेच. २०१८ मध्ये मिडीला जोडलेल्या एका विस्तारामुळे प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे वाकवता येतो, पण त्यासाठी तसे वाद्य हवे. शिबिरात मी मुलांना सरळ सांगते, की आलाप गाऊन मुद्रित करा आणि मिडीकडून साथीचे काम घ्या.

ठेक्याचेही तसेच. सॉफ्टवेअरमध्ये मिनिटाला किती मात्रा हे ठरवले की पडद्यावर सारख्या अंतराच्या उभ्या रेघा येतात, आणि क्वांटाइझ केले की प्रत्येक ठोका जवळच्या रेघेवर जाऊन बसतो. चेंदणी कोळीवाड्यातल्या एका मुलीने घरी ऐकलेला ठेका हातांनी पॅडवर वाजवला. अनेक कोळीगीतांचा ठेका तीन-तीनच्या गटांत झुलत चालतो, पण सॉफ्टवेअरची जाळी चार-चारच्या भागांची होती, त्यामुळे बटण दाबताच ठोके चुकीच्या रेघांवर गेले आणि सगळा झोका नाहीसा झाला. जाळी तिनाच्या भागांची केल्यावर ठेका ओळखू आला, तरीही तिचे समाधान होईना, कारण तिसरा ठोका ती जाणूनबुजून किंचित उशिरा देत होती. शेवटी ठोके रेघेकडे फक्त निम्मे सरकवले आणि तो तिसरा ठोका जसाच्या तसा ठेवला. रेघ बरोबर की कान बरोबर, या प्रश्नाचे उत्तर तिने कानाच्या बाजूने दिले आणि ते योग्यच होते.

तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे आयते तुकडे, सुरुवातीच्या दिवसांत नकोत असे मी म्हणते ते यामुळेच. लूपमध्ये लय, सूर, पातळी, खोली हे सगळे दुसऱ्या कोणीतरी आधीच ठरवलेले असते. त्याऐवजी मुलांना सकाळी उपवन तलावाच्या काठी किंवा येऊरच्या पायथ्याशी नेऊन तांबट पक्ष्याची टुक् टुक् मुद्रित करायला लावावी. हा पक्षी मिनिटाला शंभराहून थोडे अधिक वेळा, बराच काळ एका लयीत आवाज काढतो. सॉफ्टवेअरमध्ये त्या काट्यांमधले अंतर मोजून मुलांनी ११० मात्रांची लय शोधली, म्हणजे दर ठोक्याला सुमारे २४,००० नमुने, की रिक्षांची खालची घरघर फिल्टरने काढायची आणि त्या टुक् टुक्‌वर गाण्याची उभारणी करायची. असा लूप कोणत्याही संग्रहात मिळत नाही आणि तो कसा बनला हे त्यांना शेवटच्या नमुन्यापर्यंत ठाऊक असते.

एकत्र बसवणे आणि बाहेर देणे

गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येण्याची अडचण सगळ्यांनाच येते. संगणक नमुन्यांचे गठ्ठे करून काम करतो; २५६ नमुन्यांचा गठ्ठा असेल तर सुमारे ६ मिलिसेकंदांचा उशीर होतो, म्हणजे स्पीकर दोन मीटर लांब असल्यासारखे, आणि तेवढे चालते. ब्लूटूथ हेडफोनमध्ये मात्र उशीर अनेकदा १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो आणि ताल धरणे अशक्य होते, त्यामुळे मुद्रणाला वायरचेच हेडफोन घ्यावेत.

मिक्सिंगमध्ये, म्हणजे वेगवेगळी मुद्रणे (ट्रॅक) एकत्र बसवताना, मुलांचा पहिला कल प्रत्येक ट्रॅक थोडा वाढवण्याकडे असतो आणि शेवटी सगळेच मोठे होऊन काहीच ऐकू येत नाही. वारंवारतेच्या एका पट्ट्यातला मोठा आवाज शेजारच्या पट्ट्यातले हळू आवाज झाकतो, हा कानाचा धर्म आहे. म्हणून गाणाऱ्याचे शब्द कळत नसतील तर गाणे वाढवण्याआधी हार्मोनियमच्या मधल्या वारंवारता थोड्या कमी करून पाहाव्यात, आणि साथीची वाद्ये डावीउजवीकडे सरकवून मधली जागा गळ्यासाठी मोकळी ठेवावी. तयार झालेले गाणे फोनच्या स्पीकरवरही ऐकावे. तो इवला स्पीकर डग्ग्याचा शंभर हर्ट्झच्या आसपासचा मूळ स्वर जवळजवळ काढतच नाही, तरीही डग्गा ओळखू येतो, कारण वरच्या पटी ऐकून मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून घेतो. त्या वरच्या पटीच मिक्समध्ये झाकल्या गेल्या असतील तर मात्र फोनवर डग्गा गायब होतो.

एमपी३ फाइलही कानाच्या याच धर्मावर चालते. सीडीच्या दर्जाला सेकंदाला १४,११,२०० बिट लागतात, १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ हजार बिटच्या) एमपी३ला त्याच्या अकराव्या हिश्श्याइतके. झाकले जाणारे तपशील ती टाकून देते आणि ते परत मिळत नाहीत, म्हणून काम चालू असेपर्यंत फाइल काहीही न टाकणाऱ्या वेव्ह स्वरूपातच ठेवावी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

हेडफोन दिवसभर कानाला असतात, त्यामुळे आवाजाची पातळी हा शिबिराच्या अभ्यासाचा भाग असायलाच हवा. व्यावसायिक सुरक्षेच्या प्रचलित हिशोबात ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात. मुलांना फोनवरचे मापक देऊन वर्ग, रस्ता आणि स्टेशन येथे मोजणी करायला लावावी. ही मापके अंदाजेच दाखवतात, पण निवासी भागासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तिच्याशी ताडून पाहायला तेवढी पुरतात.

आणखी एक गोष्ट फाइल बाहेर देण्याआधी करायची. आवडत्या गाण्यातला तुकडा उचलून आपल्या कामात घालता येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे राहतो. स्वतः मुद्रित केलेल्या आवाजांना ही अडचण नाही, पण ज्या आजीची ओवी किंवा ज्या शेजाऱ्याचा ताशा मुद्रित केला त्यांची परवानगी घ्यावी आणि नाव द्यावे. प्रत्येक फाइलबरोबर एक कागद ठेवावा आणि त्यावर कोण गायले वा वाजवले, कुठे, कोणत्या तारखेला, माइक किती अंतरावर होता, नमुन्यांचा दर आणि बिट किती होते, एवढे लिहावे.